दुसरं पाऊल टाकून बघ

दि. ३, सोमवार

ही वही भावोजींनी दिली. पुढच्या अकरा पानांवर ताईच्या याद्या आहेत: साबण, सेल, गोळ्या, आणि मध्येच एक त्रिकोणांची जाळी. "मागची पानं कोरी आहेत," ते म्हणाले. "बोलत नाहीस तर निदान लिहीत जा." हे सांगतंय कोण बघा. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना 'आता दिसतं का, आता स्पष्ट दिसतं का' विचारतात आणि घरी आले की तोंडाला कुलूप.

मी काल आलो. ताईला जाऊन सात आठवडे झाले.

ती गेली तेव्हा मी बंदरावर बर्फाच्या कारखान्यात होतो. तिथे फोन बाहेरच्या पेटीत ठेवावा लागतो. ओल्या हातांनी कोण काढणार, चार-चार दिवस मी बघायचोच नाही. बघितला तेव्हा भावोजींचा एकच मेसेज होता, दोन शब्दांचा. तेव्हाच निघायला हवं होतं. निघालोही. स्टँडवर गेलो आणि भलत्याच गाडीत बसलो. चुकून नाही. मग महिनाभर एका रोपवाटिकेत पिशव्यांमध्ये माती भरली. ते काम चांगलं असतं. एक पिशवी भरली की पुढची रिकामीच असते.

का आलो नाही, ते इथे लिहीत बसत नाही. पुढे.

दि. ४, मंगळवार

ताईच्या वर्कशॉपवर गेलो. नऊ वर्षं ती इथे होती. बागेतली खेळणी बनवतात: झोके, घसरगुंड्या, चढायच्या जाळ्या. खाली लोखंडाचं काम, वर काचेची खोली, तिथे ताईचं टेबल. पेनांच्या डब्यात पेनं कमी आणि नटबोल्ट जास्त. तिचा कॉम्प्युटर शेवटचे काही महिने घरी होता, तो भावोजींनी परत आणून ठेवलाय.

मालकीणबाईंना सगळे नुसतं बाई म्हणतात. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तिचा प्रोग्रॅम अर्धवट राहिलाय. मुलांचा झुलता पूल आहे नवा, त्यावर तो चालत नाही. तू बघतोस का? महिनाअखेरपर्यंत बघ. झाला तर तिचाच ठेवू, नाहीतर विकतचा आणावा लागेल."

"आणि तिचा?"

"तिचा मग बंदच करायचा ना. दोन-दोन कोण सांभाळणार?"

म्हटलं, बाई, माझं शिक्षण म्हणजे दोन कॉलेजांची दोन पहिली वर्षं. त्या म्हणाल्या, "तिने तुला थोडंफार शिकवलं होतं म्हणे." त्यांना हे कोणी सांगितलं देव जाणे.

हो म्हणून बसलो. तिची नऊ वर्षं कोणीतरी एक बटण दाबून बंद करणार, हे ऐकून दुसरं काही तोंडातून निघालंच नाही.

खाली उतरताना वेल्डरमामांनी गॉगल कपाळावर सरकवला. "तू भिंगरी ना?"

ताई मला भिंगरी म्हणायची, पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून. म्हटलं, हो.

"वरची खुर्ची फिरती आहे," मामा म्हणाले. "तुला बरी."

दि. ६, गुरुवार

प्रोग्रॅम काय करतो ते मला समजलं तसं लिहून ठेवतो. आख्खा पूल मनातल्या मनात लहान लहान तुकड्यांत कापायचा. तुकडे किती वाकले असतील ह्याचा एक अंदाज धरायचा. लोखंड वाकलं की ते परत वर ढकलतं, आणि मुलांचं वजन खाली दाबतं. ढकलण्यातून दाबणं वजा केलं की जे राहतं त्याला ताई 'उरलेला जोर' म्हणायची. तो शून्य झाला की पूल आहे तिथे निवांत. नाही झाला, तर तेवढ्या उरलेल्या जोरावरून ठरवायचं की अजून किती हलवायचं, आणि एक पाऊल टाकायचं. पुन्हा मोजायचं. पुन्हा पाऊल.

पुलाच्या टोकांखाली रबराच्या गाद्या आहेत. रबर लबाड. दाबावं तसं कडक होत जातं, त्यामुळे पाच-सहा पावलं लागतात. लोखंड मात्र सरळमार्गी. दुप्पट वजन, दुप्पट वाक.

गेल्या वर्षी मी दोन दिवस इथे येऊन गेलो होतो. तेव्हा ताई लोखंडाचा भाग नव्याने बसवत होती. म्हणाली, "हा सगळ्यात सोपा, हा तू लिही." चार ओळी होत्या. तिच्या प्रोग्रॅममधली नावं सगळी कशी प्रार्थनेच्या रांगेत उभी असतात. मी वजनाला 'हत्ती' नाव दिलं. चालवलं आणि पहिल्याच पावलाला बरोबर उत्तर. मी खुर्चीवर बसून गरागरा फिरलो. ताई हसली आणि म्हणाली, "आता दुसरं पाऊल टाकून बघ." माझी साडेचारची गाडी होती. म्हटलं, आल्यावर बघू.

"कुठून आल्यावर?"

"अगं, पुन्हा आल्यावर."

नंतर फोनवरसुद्धा तेच. "भिंगऱ्या, तुझा हत्ती पुन्हा पुन्हा चढतोय. येऊन उतरव." मी म्हणायचो, तूच उतरव ना, तुला काय, अर्धं मिनिट. ती म्हणायची, "ज्याने चढवला त्याने." ताईची थट्टा अशीच असायची, एकच विनोद महिनोन् महिने पुरवायची.

हे कशाला लिहीत बसलो. रबराचं लिहीत होतो. रबराचा भाग तीनशे ओळींचा आहे. उद्यापासून तोच.

दि. १०, सोमवार

सुरुवात तरी झाली. आधी साधा प्रश्न घातला: एक पाइप, दोन्ही टोकांना टेकू, मधोमध दोनशे किलो. मामांकडे भिंतीवर तक्ता आहे, त्याप्रमाणे चार मिलिमीटर वाकायला हवा. कॉम्प्युटरमध्ये ह्याच पाइपची ताईची एक जुनी फाइल सापडली, तिच्यात वाक अडुसष्ट मिलिमीटर. कसलातरी कचरा. बाजूला ठेवली, नवी फाइल घेतली, शून्यापासून चालवली. ४.०.

खाली जाऊन मामांना सांगितलं, लोखंड पक्कं, आता फक्त रबर.

"एकदाच चालवलंस?"

"बरोबर आलं तर किती वेळा चालवायचं, मामा?"

 मामांनी रॉड बदलला आणि गॉगल खाली ओढला. म्हणजे चर्चा संपली.

वर्कशॉपच्या मागे एक नापास घसरगुंडी ठेवलीय. तिच्यावरून घसरून बघितलं. मध्येच अडकते. नापास का ते बसल्या जागी कळलं.

दि. १३, गुरुवार

आख्खा पूल चालत नाही म्हणजे नाहीच. वीस पावलं टाकतो आणि हात टेकतो. उरलेला जोर काही कमी होत नाही आणि पूल मात्र दर पावलाला आणखी खाली. विसाव्या पावलाला पडद्यावरचा पूल जमिनीच्या पोटात गेला. त्यावरून चालणारी मुलं कुठे निघतील, विहिरीत?

खोट रबरात आहे. नक्की. ताईच्या तीनशे ओळी डोळ्यांत तेल घालून वाचतोय.

दि. १४, शुक्रवार

आज एक गंमत. खाली बघतो तर पूल रंगवायला घेतलेला. निळा.

"मामा, माझं उत्तर यायच्या आधीच?"

"रंगाला वाळायला वेळ लागतो."

"आणि पाइप जाड घ्यावा लागला तर?"

"तर पुन्हा रंगवू. रंगाचं काय एवढं."

एरवी एक ओघळ दिसला तरी मामा सात पिढ्यांचा उद्धार करतात. आज मन मोठं झालं होतं.

दुपारी एक कडक इस्त्रीचा माणूस बाईंच्या खोलीत दोन तास बसला होता. मी पाणी प्यायला गेलो तर त्याच्या लॅपटॉपवर आमच्याच पुलासारखा पूल, लाल, पिवळा, हिरवा. मला बघून बाईंनी लॅपटॉप जरा वळवून घेतला. रंगाच्या कंपनीचा असावा. एवढे रंग एका पुलाला कशाला हवेत कोण जाणे.

दि. १७, सोमवार

जेवताना भावोजींना सांगितलं. म्हटलं, शेवटच्या महिन्यांत ताईचं डोकं औषधांनी जड झालेलं असणार. रबरात तिने कुठेतरी घोळ घातलाय. मी ऐंशी ओळी बदलल्या, उद्या-परवा होईल.

भावोजींनी घास ताटात ठेवला. "कोणत्या ओळी?"

"अशाच. मधल्या."

"तिच्या मूळच्या ठेवल्यास का?"

सगळ्या ठेवल्या नव्हत्या. म्हटलं, असतील कुठेतरी.

ते उठले. ताट घासलं, पालथं घातलं, मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "तिचं डोकं शेवटच्या दिवसापर्यंत ठिकाणावर होतं. हात चालत नव्हते. तू असतास तर तुला कळलं असतं."

मी काय वाईट बोललो? आजारी माणसाची चूक होते. त्यात तिला कमी लेखायचं काय आहे.

ताटात त्यांचा अर्धा भात तसाच होता, तो पण त्यांनी घासून टाकला.

दि. १९, बुधवार

ऐंशीच्या दीडशे ओळी झाल्या. पूल अजून जमिनीत जातो.

रोपवाटिकेच्या मालकाला फोन केला. ये म्हणाला, तुझी जागा रिकामीच आहे. बॅग भरली. उद्या सव्वाअकराची गाडी. बाईंना काय सांगायचं ते किल्ली देताना सुचेल. मला वेळेवर सुचतं.

दि. २०, गुरुवार

किल्ली द्यायला गेलो तर बाई आल्या नव्हत्या. खाली मामा एकटेच. माझ्या पाठीवरची बॅग बघून म्हणाले, "जायचं तर जा बाबा. पाच मिनिटं हे धर तेवढं."

टेकूच्या दोन घोड्यांवर एक पाइप आडवा टाकलेला. मामांनी माझ्या हातात पट्टी दिली आणि मधल्या साखळीला दोनशे किलो अडकवले.

"किती?"

"चार. चाराला जरा कमीच."

"थांब आता." त्यांनी थर्मासमधला चहा कपात ओतला. फुंकून फुंकून प्यायले. मी पट्टी धरून उभा. "आता किती?"

"चारच."

"अजून वाकेल का?"

"कशाला वाकेल, मामा? वजन तेवढंच आहे. पाइप तेवढंच परत ढकलतोय."

"मग तुझा कॉम्प्युटर का वाकवतो?"

"कुठे वाकवतो? तो पण चारच देतो."

"एकदाच ना. ताई हे माझ्याकडून असंच धरून घ्यायची आणि वर जाऊन दोनदा चालवायची. म्हणायची, मामा, यंत्र वाकड्या प्रश्नांसाठी बनवलंय, पण त्यात सरळ प्रश्न घातला तर तो एका पावलात सुटला पाहिजे. आणि दुसऱ्या पावलाला केसभर हलता कामा नये. हलला तर बाकी काही उसकटत बसायचं नाही. जोर किती उरलाय हे जिथे सांगितलंय, तिथेच चुकलंय." मामांनी कप विसळला. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण नऊ वर्षं ऐकून पाठ झालंय."

वर गेलो. बॅग पाठीवरच होती. पाइपची माझी फाइल उघडली. पहिलं पाऊल टाकलेलंच होतं, ४.०. दुसरं टाकलं.

८.०.

तिसरं. १२.०.

लोखंडाचा भाग उघडला. इतके दिवस उघडला नव्हता, चार ओळींमध्ये काय बघायचं म्हणून. वरती ताईची टीप: धाकट्याचं आहे. तो येईपर्यंत कोणी हात लावू नये.

खाली माझ्या चार ओळी. उरलेला जोर म्हणजे उणे हत्ती. बस, एवढंच. वाकलेला पाइप परत ढकलतो, ते मी धरलंच नव्हतं. शून्यापासून निघालं तर पाइप अजून वाकलेला नसतो, काही ढकलत नसतो, म्हणून पहिलं पाऊल अगदी बरोबर पडतं. दुसऱ्या पावलाला पाइप आधीच चार मिलिमीटर सोसून उभा असतो. मी त्याला विचारतच नाही. मागे काही झालंच नाही असं धरून पुन्हा आख्खा हत्ती चढवतो. मग तिसऱ्यांदा. मग चौथ्यांदा.

तिची थट्टा नव्हती ती. जे होत होतं तेच सांगत होती.

तिच्या तीनशे ओळींत एकही चूक नव्हती. मी त्यातल्या दीडशे मोडल्या.

सव्वाअकराची गाडी गेली असेल.

दि. २१, शुक्रवार

ताई दर रविवारी सगळ्याची एक प्रत वेगळी ठेवायची. शेवटच्या रविवारची काढली, तिच्या ओळी तिच्या जागी परत बसवल्या. एक एक ओळ ताडून बघितली. दिवस गेला.

माझ्या चार ओळींना अजून हात लावलेला नाही. हात पुढे होत नाही.

दि. २२, शनिवार

कचरा म्हणून बाजूला ठेवलेली ती अडुसष्टची फाइल आज उघडली. ती रोज जिथे सोडली तिथून पुढे चालते, आणि प्रत्येक पावलाची तारीख आत पडलेली असते. अडुसष्ट म्हणजे चार-चारची सतरा पावलं. पहिलं माझं, मी खुर्चीवर फिरलो त्या दिवशीचं. पुढची सोळा तिची. प्रत्येक वेगळ्या दिवशी. त्या दिवशी फक्त एकच पाऊल, आणि मशीन बंद.

माझ्या फोनमध्ये बघितलं. त्या दिवसांत तिचे अकरा फोन दिसतात. अकराही तारखा जुळतात. पाऊल टाकायची, हत्ती पुन्हा चढलेला बघायची, आणि मला फोन करायची. राहिलेल्या पाच दिवशी पाऊल आहे, फोन नाही. त्या दिवशी तिने नुसतंच बघितलं असेल.

अकरापैकी मी किती उचलले ते लिहिणार नव्हतो. लिहितो. तीन.

सगळ्यात शेवटचं पाऊल ती जायच्या नऊ दिवस आधीचं आहे. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. फोन तीन चौदाला. मी तेव्हा पेटीपासून पन्नास पावलांवर बर्फाच्या लाद्या ओढत होतो.

हात चालत नव्हते असं भावोजी म्हणाले होते. पाऊल टाकायचं बटण दाबायला किती जोर लागतो ते करून बघितलं. करंगळीनेसुद्धा दाबलं जातं. पण करंगळी तिथपर्यंत न्यावी लागते.

दि. २४, सोमवार

दुपारी भावोजींच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. ते फ्रेमा पुसत होते. गिऱ्हाईक बसतं त्या उंच स्टुलावर बसलो. समोर अक्षरांचा तक्ता, वरती मोठी, खाली बारीक होत गेलेली.

म्हटलं, "चूक माझी होती. ताईची नव्हती."

"माहीत आहे."

"तुम्हाला प्रोग्रॅममधलं कळतं?"

"ढिम्म कळत नाही. पण घरात रोज तेच चालायचं. मी तिला म्हटलं होतं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे ना, मग कर आणि मोकळी हो. म्हणाली, मी केलं तर त्याला यायला कारण काय राहील?"

मी तक्त्यावरची अक्षरं वाचत होतो. चौथ्या ओळीच्या खालचं काही दिसत नव्हतं. माझे डोळे चांगले आहेत तसे.

"तुम्ही मला का नाही कळवलंत? ती एवढी आजारी आहे म्हणून?"

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, आई आजारी पडली तेव्हा तो पळाला. अठराचा होता, घाबरला. तेव्हापासून पळतोच आहे. त्याला आजारपणाला नको बोलवायला. कामासाठी बोलवायचं. कामासाठी आला तर राहील."

फ्रेम पुसून कधीच झाली होती. तरी पुसत होते.

"सगळी चूक तुझीच नाही," ते म्हणाले. "मी शपथ मोडायला हवी होती. रोज मनात यायचं. रोज वाटायचं, उद्या मोडू."

 बाहेर कोणीतरी काचेत बघून केस नीट केले आणि पुढे गेलं.

म्हटलं, "निदान महिनाअखेरच्या आत सापडलं. आज दुरुस्त करतो, उद्या पूल चालवून बाईंना दाखवतो. मग तिचाच प्रोग्रॅम राहील."

भावोजींनी फ्रेम खाली ठेवली.

"पूल पास झालाय," ते म्हणाले. "बाईंनी विकतचा मागच्याच महिन्यात घेतला. तू यायच्या आधी. त्यांना कायद्याने तसा लागतोच, मान्यतेच्या शिक्क्याचा. मीच जाऊन विनंती केली होती, तो आला तर त्याला तिच्या खुर्चीवर बसू द्या थोडे दिवस."

म्हणजे रंगाला वाळायला वेळ वगैरे काही लागत नव्हता. आणि इस्त्रीवाला रंगाच्या कंपनीचा नव्हता.

"मी पहिल्याच दिवशी बरोबर केलं असतं तरी?"

"तरी."

मला राग यायला हवा होता. आला नाही. तो कुठे ठेवायचा तेच कळेना. बाईंवर? त्यांनी पाणी दिलं, खुर्ची दिली, खिडकीबाहेर बघत धडधडीत खोटं बोलल्या, आणि ते सुद्धा त्यांना नीट जमत नव्हतं.

निघताना भावोजींनी विचारलं, "गाडी कितीची?"

म्हटलं, बघितली नाही अजून.

दि. २६, बुधवार

बाई काल म्हणाल्या, प्रत हवी तर घेऊन जा, मशीन मात्र लागेल. बुधवारी दुपारी तो इस्त्रीवाला येऊन त्याचा प्रोग्रॅम बसवणार. म्हटलं, मला बुधवारची सकाळ द्या. "घे," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. डोळे ताईसाठी रडलेल्या माणसाचे होते. मला हे तीन आठवडे दिसलं नव्हतं.

सकाळी मामा वर आले. नऊ वर्षांत कधी वर आले नव्हते म्हणे. दारात बूट काढायला लागले, म्हटलं राहू द्या मामा, देऊळ नाही हे. त्यांनी तरी काढले.

ती टीप तशीच ठेवली. ओळ बदलली. उरलेला जोर म्हणजे पाइप परत ढकलतो तो, उणे हत्ती. हत्तीचं नाव बदललं नाही. लागलं अर्धं मिनिटच, जास्त नाही.

"नवा पाइप घेणार?" मामांनी विचारलं. "शून्यापासून?"

"नाही. तिने जिथे ठेवलाय तिथून."

अडुसष्टची फाइल उघडली. मामांना मोठ्याने सांगत गेलो, खरं म्हणजे मलाच सांगत होतो. एक मिलिमीटर वाकला की हा पाइप पन्नास किलोने परत ढकलतो. अडुसष्ट वाकलाय, म्हणजे चौतीसशे किलो. त्यातून हत्तीचे दोनशे गेले. उरले बत्तीसशे. एवढे दिवस तो एवढा जोर लावून वर ढकलत होता आणि आपण तो मोजतच नव्हतो. बत्तीसशे म्हणजे चौसष्ट मिलिमीटर वर.

पाऊल टाकलं.

४.०.

शून्यापासूनच निघायला पाहिजे असं नव्हतं. मी किती खाली नेऊन ठेवलंय ते नीट मोजलं असतं, तर कुठूनही एकच पाऊल होतं.

"दुसरं टाक," मामा म्हणाले.

टाकलं. ४.०.

"केसभर नाही हललं," मामा म्हणाले, आणि बूट हातात घेऊन खाली गेले. जिन्यात बराच वेळ पावलं वाजली नाहीत.

मी पुन्हा दाबलं. ४.०. पुन्हा. ४.०. हत्ती एकदाच चढला होता, आता तो उभा होता आणि पाइप त्याला धरून उभा होता. तिचा फोन यायला आता काही कारण राहिलं नव्हतं. इस्त्रीवाला वेळेआधीच दारात आला. म्हणाला, "झालं का?" म्हटलं, "दोन मिनिटं."

करंगळीने दाबत होतो. सोळा वेळा दाबलं, मोजून. मग मशीन बंद केलं, पेनांच्या डब्यातला एक नट खिशात टाकला आणि उठलो.

खुर्ची फिरती आहे, त्याला सांगितलं.